सायकलस्वार हीच शेगडी

डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या परिचयाचे एक विज्ञानशिक्षक एक प्रश्न घेऊन आले. त्यांची नववीतली एक विद्यार्थिनी सायकल शर्यतीची तयारी करत होती. पहाटे रस्त्यावर अंधार आणि उजाडल्यावर वाहनांची गर्दी, म्हणून वडिलांनी घराच्या गॅरेजमध्येच सोय करून दिली होती. लोखंडी स्टँडवर सायकल पक्की बसवायची, मागचे चाक एका रुळावर टेकवायचे आणि जागच्या जागी पॅडल मारायचे. गॅरेजला विटांच्या भिंती, वर पत्रा आणि पुढे लोखंडी शटर.

पहिल्या दिवशी आजींनी मुलीला दोन स्वेटर आणि कानटोपी घालून गॅरेजमध्ये पाठवले. अर्ध्या तासाने ती घामाने निथळत उतरली आणि दम खात पायरीवर बसली. दहाच मिनिटांत तिला हुडहुडी भरली. आजी म्हणाल्या, "उद्यापासून मी तिथे कोळशाची शेगडी पेटवून ठेवते, म्हणजे पोर गारठायची नाही." ही हकिकत सांगून सरांनी विचारले, "शेगडी ठेवावी का? आणि नसेल ठेवायची, तर थंडीचे करायचे काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे दिले : मुळीच ठेवू नका. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मात्र वेळ लागला, कारण त्यात नववी-दहावीच्या उष्णतेच्या धड्यातले जवळजवळ सारे काही येते. २०२० सालच्या टाळेबंदीत रस्ते बंद झाले तेव्हा अनेक सायकलप्रेमींनी घरात, गच्चीवर आणि पार्किंगमध्ये अशाच बसत्या सायकली मांडल्या होत्या. तेव्हापासून ही सवय पुष्कळांना लागली आहे. म्हणून तो हिशेब इथे सविस्तर मांडत आहोत.

पुण्याची थंडी किती?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात इथली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. रात्री जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकत राहते. ढगांचे पांघरूण नसल्याने ती परत फिरत नाही. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे किमान तापमान सरासरी ११-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारी मात्र पारा ३० अंशांच्या आसपास जातो. एकाच दिवसात १८ अंशांचा फरक!

१९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात. पुण्याच्या नोंदींतले सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे आणि ते १७ जानेवारी १९३५ चे आहे. अशी थंडी अपवादानेच पडते. आपण हिशेबासाठी गॅरेजमधले तापमान १२ अंश धरू.

गॅरेज घरातल्या खोलीपेक्षा अधिक गार का वाटते? खोलीला वर स्लॅब असतो, बाजूला दुसऱ्या खोल्या असतात. गॅरेजवरचा पातळ पत्रा रात्रभर आकाशाकडे प्रारण करून पुष्कळदा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्यावर दव दिसते ते याचमुळे. अशा पत्र्याखाली आपले शरीरही त्याच्याकडे प्रारणाने उष्णता टाकत असते. म्हणून हवा १२ अंशांचीच असली तरी अंगाला ती त्याहून गार भासते.

शरीर किती वॅटचे?

आता थंडीच्या विरुद्ध बाजूला काय आहे ते पाहू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता तयार होते. म्हणजे आपण प्रत्येक जण सुमारे १०० वॅटचा दिवा आहोत. चाळीस मुलांच्या वर्गात दारे-खिडक्या लावल्या की थोड्याच वेळात उकडू लागते, कारण तिथे चार हजार वॅटची शेगडीच चालू असते.

सायकल चालवू लागलो की हा आकडा झपाट्याने वाढतो. स्नायूंमध्ये जितकी ऊर्जा खर्च होते तितकी सगळी पॅडलला मिळत नाही. अमेरिकेत कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि एडवर्ड कॅथकार्ट यांनी याची काटेकोर मोजमापे केली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी बसती सायकलच वापरली होती. चाकाच्या जागी तांब्याची तबकडी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरत असे आणि पॅडल मारणाऱ्याला विरोध करत असे. आपल्या गॅरेजमधल्या स्टँडची ही पणजीच म्हणायची! स्नायूंत उष्णता कशी तयार होते याच्या शोधासाठी पुढे ए. व्ही. हिल यांना १९२२ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

अशा मोजमापांचा सारांश असा : सायकल चालवताना खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची ऊर्जा शरीरात उष्णतेच्या रूपाने उरते. आपण पाचवा हिस्सा धरू. आपली विद्यार्थिनी पॅडलवर ७५ वॅट देत असेल, तर तिचे शरीर एकूण ३७५ वॅट खर्च करत असणार. म्हणजे ३०० वॅट उष्णता अंगातच! बसलेल्या माणसाच्या तिप्पट.

आणखी एक गंमत पाहा. रस्त्यावर ते ७५ वॅट हवेला बाजूला सारण्यात खर्च होतात. बसती सायकल कुठेच जात नाही. मग ते कार्य जाते कुठे? टायर आणि रूळ यांच्या घर्षणात, रुळाच्या रोधात, म्हणजे शेवटी उष्णतेतच. सराव झाल्यावर टायरला हात लावला तर तो कोमट लागतो. म्हणजे ३७५ वॅटपैकी प्रत्येक वॅट गॅरेजमध्येच राहतो.

गॅरेज ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच असेल, तर त्यात साडेसदतीस घनमीटर हवा मावते. पुण्याच्या उंचीवर तिचे वस्तुमान सुमारे ४३ किलो. हवेचा विशिष्ट उष्मा दर किलोला, दर अंशाला सुमारे १ किलोज्यूल. म्हणजे ही सगळी हवा १० अंशांनी तापवायला सुमारे ४३० किलोज्यूल हवेत. आपल्या मुलीचे ३७५ वॅट वीस मिनिटांत ४५० किलोज्यूल देतात! प्रत्यक्षात हवा इतकी तापत नाही, कारण भिंती आणि पत्रा बरीच उष्णता गिळतात आणि शटरच्या फटींतून काही बाहेर जाते. पण मुद्दा लक्षात यावा. गॅरेजमध्ये शेगडी आधीच आहे, आणि ती सायकलवर बसलेली आहे.

खरी अडचण : उष्णता बाहेर कशी जावी?

शरीरातली ही उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर काय होईल? मुलीचे वजन ५० किलो धरू. शरीराचा विशिष्ट उष्मा दर किलोला, दर अंशाला सुमारे ३.५ किलोज्यूल आहे. म्हणून तिचे तापमान १ अंशाने वाढायला १७५ किलोज्यूल पुरतात, आणि ३०० वॅटचा स्नायूंचा कारखाना ते दहा मिनिटांत देतो. अर्ध्या तासात ३७ चे ४० अंश! तापाने फणफणलेल्या मुलाची ही अवस्था.

असे सहसा होत नाही, कारण शरीर उष्णता बाहेर टाकत असते. त्याच्याकडे चार वाटा आहेत. गार वस्तूला स्पर्श झाला की वहनाने, अंगाजवळची गरम हवा वर जाऊन किंवा वाऱ्याने वाहून गेली की अभिसरणाने, गार भिंतींकडे प्रारणाने, आणि घामाच्या बाष्पीभवनाने. पहिल्या तीन वाटा चालण्यासाठी भोवताल त्वचेपेक्षा गार असावा लागतो. चौथी वाट उन्हाळ्यातही चालते.

घामाची ताकद मोठी आहे. त्वचेच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. ताशी ३०० ग्रॅम घाम पूर्ण सुकला तर २०० वॅट उष्णता निघून जाते. म्हणजे सायकलमुळे वाढलेली सगळीच! पण 'सुकला तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो घाम ठिबकून जमिनीवर पडतो किंवा स्वेटरच्या लोकरीत मुरतो, तो शरीराला फारसा गार करत नाही.

थंड हवेत घाम सुकतो का, अशी शंका विद्यार्थी हमखास काढतात. वाळत घातलेले कपडे थंडीत उशिरा वाळतात हे त्यांनी पाहिलेले असते. पण अंगावरची गोष्ट निराळी आहे. त्वचा ३३ अंशांची असते आणि त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या ३७-३८ मिलिमीटरइतका असतो. १२ अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यातला दाब साडेदहा मिलिमीटरच. इतका फरक असल्यावर वाफ त्वचेकडून हवेकडे जाणारच. अडते ते कपड्यांमुळे आणि वारा नसल्यामुळे.

रस्ता, गॅरेज आणि सिंहगड

इथे रस्त्यावरची सायकल आणि गॅरेजमधली सायकल यांतला मुख्य फरक येतो. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. अंगालगत गरम हवेचा जो पातळ थर असतो तो वारा सतत खरवडून नेतो. याचा अभ्यास पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी १९४१ साली अंटार्क्टिकावर केला. प्लॅस्टिकच्या एका नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचे आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असा त्यांचा साधाच प्रयोग होता. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००१ साली अमेरिका आणि कॅनडा यांनी वाऱ्याच्या थंडाव्याचे नवे सूत्र स्वीकारले. त्यानुसार १० अंशांच्या हवेत ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या चेहऱ्याची उष्णता सुमारे ७ अंशांच्या शांत हवेत जावी तितक्या वेगाने जाते.

गॅरेजमध्ये हा वारा नाही. अंगाभोवतीची हवा तिथेच घुटमळते, गरम आणि दमट होते. म्हणून रस्त्यावर याच मुलीला कुडकुडायला होईल, पण तेवढ्याच श्रमात गॅरेजमध्ये ती घामाघूम होते. बाहेरच्या सायकलस्वाराचे कपडे पाहून गॅरेजमधले कपडे ठरवणे ही पहिली चूक.

पुण्याच्या सायकलस्वारांना हे सिंहगडावर अनुभवता येते. समजा, ५०० मीटर उंची चढायची आहे आणि माणूस व सायकल मिळून वजन ७० किलो आहे. कार्य झाले सुमारे ३४३ किलोज्यूल. ७५ वॅटने हे कार्य करायला सव्वा तास लागेल, आणि तेवढ्या वेळात त्याच्या चौपट, म्हणजे १,३७० किलोज्यूल उष्णता अंगात तयार होईल. ती केवळ घामाने काढायची तर अर्धा लिटरहून अधिक घाम सुकायला हवा. चढावर वेग कमी, म्हणून वारा कमी. बसत्या सायकलीसारखीच स्थिती! जानेवारीतही माणूस चढावर जर्किन काढून ठेवतो.

आता उतार. पाय थांबले, उष्णतेचे उत्पादन ३०० वरून १०० वॅटच्या दिशेने घसरले. अंगात ओला शर्ट आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा. दात वाजू लागतात. म्हणूनच जुने शर्यतपटू घाटमाथ्यावर शर्टाच्या आत छातीशी वर्तमानपत्र सरकवत. कागद वारा अडवतो आणि ओलाही थोडा टिपतो. गॅरेजमधल्या मुलीला पायरीवर बसल्यावर भरलेली हुडहुडी हा याच उताराचा लहान अवतार होता.

एकाच गॅरेजात दोन ऋतू

कपड्यांचा हिशेबही करून पाहू. कपड्यांची ऊबदारी मोजायला १९४१ साली 'क्लो' नावाचे एकक सुचवले गेले. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला जितके कपडे सुखकर वाटतात, त्यांची ऊबदारी १ क्लो. अंगालगतच्या शांत हवेच्या थराची ऊबदारी साधारण ०.७ क्लो धरतात, म्हणजे एकूण १.७.

त्वचा ३३ अंशांची आणि हवा २१ ची, तेव्हा फरक १२ अंश. गॅरेजमध्ये हवा १२ ची, फरक २१ अंश. फरक पावणेदोनपट झाला, म्हणून तिथे स्वस्थ बसणाऱ्याला एकूण ऊबदारीही पावणेदोनपट, म्हणजे सुमारे ३ क्लो हवी. हवेचा थर वजा केल्यावर कपड्यांचे २.३ क्लो उरतात. स्वेटर, जर्किन, कानटोपी, जाड पायजमा असा सगळा सरंजाम. पण पॅडल मारणाऱ्याकडून बाहेर पडायची उष्णता तिप्पट आहे, म्हणून त्याला एक तृतीयांश ऊबदारी पुरते. एकूण १ क्लो, त्यातून हवेचा थर वजा करता ०.३. म्हणजे अर्धी विजार आणि पातळ शर्ट!

आकडे ढोबळ आहेत. तरी निष्कर्ष पक्का आहे. तापमान तेच, गॅरेज तेच, माणूसही तोच, पण सायकलवर असताना त्याच्यासाठी जवळजवळ उन्हाळा असतो आणि उतरल्याबरोबर हिवाळा येतो. थंडीचा प्रश्न सरावाच्या मधल्या वेळेत नाही. तो दोन टोकांना आहे : स्नायू तापण्याआधीची पहिली दहा मिनिटे आणि थांबल्यानंतरची दहा मिनिटे.

ओल्या बनियनची किंमत

त्यातही दुसरे टोक अधिक त्रासाचे. सुती कापड ऊब देते ते धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. ती जागा पाण्याने घेतली की ऊब संपते, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. शिवाय ते पाणी सुकताना उष्णता मागते. बनियनमध्ये १०० ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो सुकायला सुमारे २४० किलोज्यूल लागतील. स्वस्थ बसलेल्या शरीराची ही चाळीस मिनिटांची संपूर्ण मिळकत झाली! यातली काही उष्णता हवेतून मिळते हे खरे, पण मोठा वाटा अंगातूनच जातो. त्यातच व्यायाम थांबला तरी घाम लगेच थांबत नाही आणि त्वचेकडे वळवलेले रक्तही काही मिनिटे तिथेच खेळत राहते. उत्पादन घटले आणि खर्च मात्र चालूच, मग हुडहुडी भरणारच. हुडहुडी म्हणजे तरी काय? स्नायू आपोआप थरथरवून उष्णता निर्माण करण्याचा शरीराचा उपाय.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सर्दी विषाणूंमुळे होते. ओल्या बनियनमुळे विषाणू निर्माण होत नाहीत. पण हुडहुडी, आखडलेले स्नायू आणि उद्या सरावाला उठायचा कंटाळा हे त्रास बनियनमुळेच होतात, आणि ते टाळण्याजोगे आहेत.

शेगडी का नको?

आता आजींच्या शेगडीकडे वळू. ती केवळ अनावश्यक असती तर आम्ही इतक्या तातडीने नको म्हटले नसते. कोळसा पुरेशा हवेत जळला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि निखाऱ्यांच्या शेगडीत तो नेहमीच थोडाफार असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि उठून दार उघडण्याचे बळही राहत नाही. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने असे बळी घेतले आहेत.

व्यायाम करणाऱ्याला हा धोका अधिक आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. ७५ वॅटने पॅडल मारताना हे प्रमाण चार-पाच पटींनी वाढते. हवेतला विषारी वायूही तितक्याच वेगाने फुप्फुसांत जातो. धाप, थकवा आणि डोकेदुखी ही व्यायामाचीच लक्षणे वाटून धोक्याची सूचना कळतही नाही. म्हणून गॅरेजमध्ये शेगडी नको, आणि तिथे मोटार किंवा स्कूटर चालू करून ठेवणेही नको. वाहन त्याच वेळी बाहेर काढायचे असेल, तर ते बाहेर जाऊन गॅरेज चांगले वारे खाईपर्यंत सराव थांबवावा. विजेच्या हीटरमधून हा वायू येत नाही, पण तीनशे वॅटची शेगडी अंगातच असताना त्यावर वीज कशाला जाळायची?

मग करायचे काय?

सरांना आम्ही सांगितलेली पद्धत अशी :

सुरुवातीला पुढून उघडणारा स्वेटर किंवा जर्किन, कानटोपी आणि हातमोजे घालावेत. पाय उष्णता निर्माण करतात, पण हात मुठीत गार हँडल धरून स्वस्थ असतात. शिवाय थंडी जाणवली की शरीर आधी बोटांचा रक्तपुरवठा आवळते. म्हणून हातमोज्यांचा उपयोग स्वेटरपेक्षाही अधिक. हँडलवर रबरी मुठी नसतील तर कापड गुंडाळावे. अनवाणी पायांनी गार शहाबादी फरशीवर उभे राहू नये.

पहिली आठ-दहा मिनिटे हलके पॅडल मारावे. दम्याचा त्रास असलेल्यांनी ही पायरी मुळीच गाळू नये. जोराने घेतलेली गार, कोरडी हवा श्वासनलिका आवळू शकते. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि औषध जवळ ठेवावे.

अंग कोमट झाले की, घाम फुटण्याची वाट न पाहता, एकेक कपडा उतरवावा. शटर हातभर उघडावे. अर्ध्या तासाहून अधिक सराव असेल तर समोर पंखाही लावावा. थंडीत पंखा म्हटल्यावर घरचे हसतील, पण वरचा हिशेब त्यांना दाखवावा. तहान कमी लागते म्हणून पाणी टाळू नये.

शेवटची पाच मिनिटे पुन्हा हलके पॅडल मारावे, म्हणजे उष्णतेचे उत्पादन एकदम न कोसळता हळूहळू उतरते. उतरल्याबरोबर पंखा बंद करावा, ओले बनियन काढावे, टॉवेलने अंग खसखसून पुसावे, कोरडा शर्ट आणि त्यावर स्वेटर घालावा. पाणी पिणे, गप्पा मारणे, पायरीवर बसणे हे सगळे त्यानंतर. कोरडे कपडे सायकलशेजारी आधीच ठेवलेले असावेत.

आणि शक्य असेल तर वेळ थोडी पुढे ढकलावी. पुण्यात सर्वांत जास्त थंडी सूर्योदयाच्या सुमारास असते. ऊन आल्यावर पारा भराभर चढतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला सराव केला तर अर्धा प्रश्न सूर्यच सोडवतो.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिला प्रयोग. दोन तापमापी घ्या. एकीचा फुगा कोरडा ठेवा, दुसरीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा. दोन्ही पंख्याखाली धरा. कोरडीचा पारा हलत नाही, ओलीचा उतरतो. पंखा हवा गार करत नाही, तो बाष्पीभवन वाढवतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. वाऱ्यामुळे कोरडी वस्तू हवेपेक्षा गार होत नाही, फक्त लवकर गार होते, हेही यातून सांगता येते.

दुसरा प्रयोग. एकसारखे तीन पत्र्याचे डबे घेऊन त्यांत सुमारे ४० अंशांचे सारखेच पाणी भरा. एक उघडा, दुसऱ्याला कोरडे सुती कापड, तिसऱ्याला तेच कापड ओले करून गुंडाळा. दर पाच मिनिटांनी तापमान घेऊन आलेख काढा. मग पंखा लावून तोच प्रयोग पुन्हा करा. ओल्या कापडाचा डबा उघड्या डब्याच्याही पुढे गार होतो का, ते मुलांना आधी ओळखायला सांगा आणि मगच मोजायला सांगा.

तिसरा प्रयोग घरी करण्याचा. सरावाआधी आणि नंतर बनियन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे. फरकाला २.४ ने गुणले की त्या बनियनची 'किंमत' किलोज्यूलमध्ये मिळते.

आठवड्याभराने सर पुन्हा भेटले. शेगडी माळ्यावर गेली होती. सराव नीट चालला होता. आजी मात्र थोड्या खट्टू होत्या, कारण त्यांनी विणलेला स्वेटर अंगावरून उतरवायला आम्ही सांगितले होते. "त्यांना सांगा," आम्ही म्हणालो, "स्वेटर अगदी योग्य आहे. फक्त तो पोर सायकलवरून उतरल्यावर घालायचा." त्या दिवसापासून रोज सराव संपायच्या वेळी आजी कोरडा टॉवेल आणि तो स्वेटर घेऊन गॅरेजच्या दाराशी उभ्या असतात, असे सर सांगत होते.